एक टाका कमी

मावशी : ‘कागदावर हे जपानी अक्षर आहे तस्संच भरा, मावशी. एक टाका कमी नको, एक जास्त नको.’ असं म्हणाले होते तुझे सर. अठरा वर्षांपूर्वी, इथेच, या टेबलाशी उभं राहून. त्या दिवसापासून मी एका टाक्यानं तरी इकडची तिकडे झाले असेन तर सांग. आणि आज तू सकाळी सहाला दुकानाचं दार वाजवतेस आणि म्हणतेस, भरू नकोस. का बरं?

भाची : भरूच नकोस असं नाही. आत्ता नको. राहू दे दोन दिवस.

मावशी : दोन दिवसांनी काय, पट्टा पांढरा होणार आहे?

भाची : मावशी, चहा आहे का?

मावशी : उकळतोय. विषय बदलू नकोस. इथे सुई ओवून झाली, सोनेरी दोऱ्याला मेण लावून झालं, पट्टा चिमट्यांत ताणून झाला. रविवारी तुला काळा पट्टा मिळाला, आज बुधवार. मला वाटलं, नाचत येशील. तू आलीस ती दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टसारखं तोंड घेऊन.

भाची : अडकलेली लिफ्ट मी दहा मिनिटांत सोडवते. रोजचं काम आहे माझं.

मावशी : मग सोड की. कुठे अडकलीय?

भाची : आधी चहा दे.

मावशी : बरं, राहू दे. हा घे कप. आणि बघ हं, आज माझ्या चहात मी काय घालतेय.

भाची : साखर? तुला साखर आवडत नाही ना?

मावशी : आवडत नाही असं कोण म्हणालं? सोडली होती. नऊ वर्षं झाली. तू पहिल्यांदा वरच्या हॉलमध्ये ज्यूदो शिकायला गेलीस आणि खांदा धरून खाली आलीस, आठवतं? त्या संध्याकाळी देवापुढे बसले. म्हटलं, या पोरीनं एक धरलंय ते पूर्ण होऊ दे, हातीपायी धड राहू दे. तोवर माझ्या चहात साखर नाही.

भाची : नऊ वर्षं? आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?

मावशी : बोललं की व्रताचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर जातं. तुझ्या पाठीवर तुझा तो जोडीदार, टोळ म्हणता तो पोरगा, होता तेवढा पुरे होता.

भाची : मावशी, नको घालूस. तो चमचा ठेव खाली.

मावशी : का गं?

भाची : पूर्ण नाही झालेलं काही.

मावशी : अगं, पट्टा माझ्या टेबलावर आहे! काळा कुळकुळीत!

भाची : पट्टा आहे. मी त्याच्या लायकीची नाही. दया आली म्हणून दिला त्यांनी.

मावशी : कोणी सांगितलं तुला?

भाची : सांगायला कशाला हवं? मी तिथे होते ना. टोळाला फेकायचं होतं. तो माझा नेहमीचा जोडीदार, शंभरदा फेकलाय. ऐन वेळी माझाच पाय घसरला. त्यानं मला अलगद सावरलं आणि मग आपण होऊन पडला. नाटकात मरतात तसा.

मावशी : पण पडला ना?

भाची : पडला.

मावशी : मग झालं तर. परीक्षेत टोळ पडायचा होता, टोळ पडला.

भाची : थट्टा नको गं. पुढचं ऐक. तीन परीक्षक. मधे एक बाई होत्या, केस पांढरेशुभ्र, कमरेला लाल-पांढरा पट्टा. तो सहाव्या पायरीपासून मिळतो. सरांची पाचवी आहे, म्हणजे सरांच्याही पुढच्या. त्यांनी विचारलं, या पहिल्या काळ्या पट्ट्याला जपानीत काय म्हणतात? म्हटलं, शोदान. म्हणाल्या, दान म्हणजे पायरी, आणि शो म्हणजे? मी ताठ उभी राहून म्हणाले, पारंगत.

मावशी : बरोबर बोललीस.

भाची : चूक बोलले. तिघं एकमेकांकडे बघायला लागले. बाई हसल्या नाहीत, ते आणखी वाईट. म्हणाल्या, घरी गेलीस की तुझ्या शिक्षकांना विचार. आणि पास केलं.

मावशी : मग विचारलंस सरांना?

भाची : कुठल्या तोंडानं? नऊ वर्षं शिकून पट्ट्याचा अर्थ माहीत नाही म्हणू? रविवारपासून फोनच नाही केला.

मावशी : अगं बये! ते बिचारे नव्या खुब्यानं घरात येरझाऱ्या घालत असतील.

भाची : म्हणूनच तुझ्याकडे आले. मावशी, तू सांग ना त्यांना.

मावशी : काय सांगू?

भाची : की आजचा वर्ग मी नाही घेणार.

मावशी : कुठला वर्ग?

भाची : बुधवारचा, सकाळी सात वाजताचा. सरांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता चटईवर उतरायचं नाही. मी उशाशी बसले होते. सर म्हणाले, बाकीचे वर्ग टोळ बघेल, पण त्या सात बायकांना मी शब्द दिलाय, त्यांचं काय करू? आणि मी म्हणून बसले, मला काळा पट्टा मिळाला की मी घेईन. आज पहिला दिवस.

मावशी : सात बायका? ज्यूदो शिकायला?

भाची : पडायला शिकायला. सगळ्यात धाकटी चौपन्न वर्षांची आहे.

मावशी : पडायला शिकवावं लागतं? माझ्या ओळखीतले सगळे न शिकता पडतात.

भाची : काही न मोडता पडायला. तुझ्याकडे पडदे शिवायला आल्या होत्या बघ, निवृत्त टंकलेखिकाबाई? त्या गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडल्या. मनगट मोडलं. ते जुळलं, पण तेव्हापासून भिंत धरून चालतात. रस्त्यावर भिंत संपली की थांबून राहतात. सरांनी त्यांना सांगितलंय, आम्ही तुमची भीती घालवू.

मावशी : चांगलं काम आहे की गं.

भाची : चांगलं आहे म्हणूनच भीती वाटते! माझ्या हाताखाली त्यांचं दुसरं मनगट मोडलं तर? लिफ्टचा दोर तुटला तर तिला खाली धरून ठेवणारा ब्रेक असतो. मी आहे म्हणून नाही, तो आहे म्हणून माणसं निर्धास्त चढतात. इथे खाली काय आहे? मी. टोळाला फेकताना घसरणारी मी. सर चाळीस वर्षं यात मुरलेले. त्यांच्या जागी मी उभी राहायचं म्हणजे फसवणूक आहे.

मावशी : मग हे सगळं त्यांना तू सांग.

भाची : तुझं ऐकतात ते.

मावशी : ऐकोत. मी शिंपीण आहे. लोकांच्या उसवलेल्या शिवणी घालते, लोकांचे उसवलेले शब्द नाही घालत.

भाची : मावशी...

मावशी : आणि वर्ग नको तर नको, पट्ट्यावर अक्षर भरायला काय हरकत आहे? त्याचा याच्याशी काय संबंध?

भाची : ते वेगळं आहे. ते... जाऊ दे.

मावशी : आता तर मुळीच नाही जाऊ देणार.

भाची : त्या पांढऱ्या केसांच्या बाई. टोळाच्या पट्ट्याचं टोक हातात घेऊन बघत होत्या. चष्मा वर करून.

मावशी : हो? काय म्हणाल्या?

भाची : म्हणाल्या, किती सुबक टाके. मशीनला जमणार नाहीत.

मावशी : हे तू आता सांगतेस? रविवारपासून पोटात ठेवलंस?

भाची : आणि म्हणाल्या... असं अक्षरच नाही.

मावशी : अक्षर नाही म्हणजे?

भाची : डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, छोटे दोन फराटे हवेत. आपल्या पट्ट्यांवर एकच आहे. एक कमी.

मावशी : कमी? माझ्या हातून?

भाची : म्हणून म्हटलं, आत्ता भरू नकोस.

मावशी : थांब. ही काच उचलू लाग मला. हळू. अठरा वर्षं कागद या काचेखाली आहे, वाऱ्याला सुद्धा लागू दिला नाही. हा बघ. सरांच्या हातचा. मोज.

भाची : एकच आहे.

मावशी : नीट मोज.

भाची : एकच आहे गं. म्हणजे तू बरोबर भरलंस. सर चुकले.

मावशी : जिभेला काही हाड? सर चुकायचे नाहीत. शाई उडाली असेल. झुरळानं खाल्लं असेल.

भाची : झुरळानं मोजून एक फराटा खाल्ला? बाकीचं अक्षर शिल्लक ठेवून?

मावशी : हसू नकोस! एकतीस पट्टे भरलेत मी. एकतीस. एकेकाला दोन संध्याकाळी. लोक कमरेला बांधून गावोगाव गेले असतील. कुणी एकानं तरी बोलायचं!

भाची : वाचतंय कोण? आम्हाला वाटायचं जपानी आहे म्हणजे बरोबरच असणार.

मावशी : सरांना यातलं काही सांगायचं नाही. ऐकतेस ना? आजारी माणूस. मनाला लावून घेतील. तूही बोलायचं नाही, मीही बोलणार नाही.

(दार ढकललं जातं. काठी टेकत सर आत येतात. अंगात जाड कोट आहे, त्याची दोन बटणं वरखाली लागली आहेत.)

सर : काय बोलायचं नाही?

मावशी : चहा झालाय, हे. आधीच कमी पडतो.

सर : तो कोपऱ्यावरच कळला वासानं. नमस्कार मावशी.

मावशी : अहो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे तुम्ही आणि मला मावशी म्हणता. लोक मला काय समजत असतील!

सर : अख्खी गल्ली म्हणते. मी एकटा वेगळं काय म्हणू? बरं का, लिफ्टवाली, माझा फोन चालू आहे. सगळी बटणं दाबून बघितली रविवारपासून.

भाची : सर, मी करणारच होते...

सर : अभिनंदन. ते आधी. टोळानं सांगितलं, पास झालीस. त्यानं स्वतःच्या पडण्याचंही सांगितलं. खूश होता. म्हणाला, परीक्षकांना कळलंच नाही.

भाची : कळलं असणार.

सर : असणारच. त्या बाईंनी मलाही तपासलंय पूर्वी. त्यांना तू पडतेस कशी त्यापेक्षा उठतेस कशी ते बघायचं असतं. उठलीस म्हणे लगेच. अरे... हा कागद काचेबाहेर का आलाय?

मावशी : काच पुसत होते.

सर : सकाळी सहाला?

मावशी : व्रत आहे माझं. बुधवारी काच पुसायची.

सर : मावशी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तुमची उजवी भुवई वर जाते. मी बसतो जरा. उभ्यानं कबुली द्यायला खुबा अजून नवा आहे.

भाची : कसली कबुली?

सर : बाईंनी टोळाचा पट्टा बघितला असणार. मला वाटलंच होतं. त्यांच्या नजरेतून दोरा सुटत नाही. फराटा एक कमी आहे, हेच ना?

मावशी : तुम्हाला ठाऊक होतं?

सर : ठाऊक आहे. सतरा वर्षं.

मावशी : सतरा...

सर : तुम्हाला कागद दिला, त्यानंतर वर्षभरानं. कशासाठी तरी जपानी शब्दकोश उघडला होता. बघतो तर काय! मान खाली घालून सांगायला निघालो. तेव्हा चारच पट्टे भरून झाले होते. दाराशी आलो. तुम्ही पाचवा घेऊन बसला होता. सुई हातात, डोळे मिटलेले आणि काहीतरी पुटपुटत होता. नीट ऐकलं तर पट्टा ज्याचा त्याचं नाव. ‘याचे गुडघे सांभाळ, याची आई एकटी आहे, याला घरी सुखरूप पाठव.’

मावशी : अय्या, ते ऐकलंत तुम्ही? मनातल्या मनात म्हणते मी.

सर : तुमचं मन बरंच मोठ्यानं बोलतं. मी परत वर गेलो. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या काही उगवला नाही. नव्वद-नव्वद किलोची माणसं मी उचलून आपटली, बरं का. एक फराटा सांगायची छाती झाली नाही.

मावशी : मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

सर : तुम्ही रागावला नसता, तीच तर पंचाईत. सगळे पट्टे परत मागवून, उसवून, पुन्हा भरत बसला असता. चूक माझी, आणि डोळे फुटले असते तुमचे. आणि त्याहून खरं सांगू? लाज वाटली. लोक मला सर म्हणतात. तेव्हा तिसरी पायरी होती, मग चौथी झाली, पाचवी झाली. जसजसा वर गेलो तसतसं सांगणं अवघड होत गेलं.

मावशी : पाचवी पायरी! आणि मी इथे झुरळावर आळ घेत बसलेय.

भाची : सर, शो म्हणजे काय?

सर : नऊ वर्षांत विचारलं नाहीस.

भाची : तुम्ही सांगितलं नाहीत.

सर : सांगितलं असेल. तेव्हा तू टोळाला कसं पाडायचं या विचारात असशील. शो म्हणजे आरंभ. शोदान म्हणजे आरंभाची पायरी.

भाची : आरंभ? काळा पट्टा म्हणजे आरंभ? मग नऊ वर्षं मी काय करत होते?

सर : आरंभाला पोचत होतीस. आठव, काळ्याआधीच्या पट्ट्यांच्या सहाव्या पायरीपासून सुरू केलंस. सहा, पाच, चार, अशी उलटी मोजत एकवर आलीस. आता पुन्हा एक. इथून सुलटं मोजायचं, दहापर्यंत. दहावी मिळालेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

मावशी : म्हणजे हे पूर्ण झालेलं नाही?

सर : छे. आत्ता तर कुठे.

मावशी : मग माझी साखर?

सर : कसली साखर?

भाची : काही नाही सर. मावशीनं देवाला ‘पूर्ण होईपर्यंत’ असा शब्द दिलाय.

मावशी : चूक माझीच. पूर्ण म्हणजे कुठपर्यंत ते आधी विचारून घ्यायला हवं होतं. शिलाई घेताना मी गिऱ्हाईकाला दहादा विचारते, लांबी कुठपर्यंत. देवाशी बोलताना मात्र माप घ्यायचंच विसरले.

सर : मावशी, पट्ट्यावरचं ते अक्षर म्हणजे हाच शो. तुम्हाला समजावून सांगू का? सतरा वर्षं उशीर झालाय, पण सांगतो. त्याचे दोन तुकडे आहेत. डावीकडचा तुकडा म्हणजे कापड. उजवीकडचा म्हणजे सुरी. दोन्ही मिळून आरंभ.

भाची : कापड आणि सुरी? आणि आरंभ? कसं काय?

सर : आता बघ, जुन्या काळी...

मावशी : बेतणं!

सर : काय?

मावशी : अहो, बेतणं. कापड बेतणं! अंगरखा व्हायचा असतो, त्याआधी अखंड कापडाला पहिल्यांदा पातं लागतं ना, ते. तोवर सगळं नुसतं बोलणं. मापं घ्या, खडूनं रेघा मारा, चुकलं तर झटकून टाका. पातं लागलं की मग माघार नाही. तिथून शिवण सुरू.

सर : तेच. अगदी तेच. मला हे सांगायला अर्धा तास लागतो आणि तरी लोक जांभया देतात.

मावशी : आणि हे अक्षर माझ्याकडून भरून घेतलंत, मला अर्थ न सांगता! माझ्याच धंद्याचं अक्षर!

सर : म्हणून तर आणखी लाज.

भाची : मावशी, तू पहिल्यांदा बेतलंस तेव्हा तुला सगळं येत होतं?

मावशी : मला? माझ्या मास्तरीणबाईंनी कोटाचं कापड समोर टाकलं. महाग, राखाडी, गिऱ्हाईकाचं. म्हणाल्या, काप. चार वर्षं मी काजं करत होते, अस्तरं लावत होते, बटणं बसवत होते. मला वाटायचं, मला सगळं येतं. कात्री हातात घेतली आणि हात मिटेना. सकाळी आठला उभी राहिले, दहा वाजले. पाय कापायला लागले, कापड काही कापलं जाईना.

भाची : मग?

मावशी : मग कापलं.

भाची : आणि बरोबर आलं?

मावशी : बरोबर? दोन्ही बाह्या डाव्या.

सर : दोन्ही?

मावशी : दोन्ही! हसा. कापड उलटायचं विसरले. मास्तरीणबाईंनी बघितलं. मला वाटलं, आता हाकलतात. म्हणाल्या, चला, आता तू शिंपीण झालीस. उद्यापासून नव्या आलेल्या मुलीला कापायला तूच शिकव.

भाची : दोन डाव्या बाह्या कापणारीला शिकवायला सांगितलं?

मावशी : मीही हेच म्हटलं त्यांना. त्या म्हणाल्या, मला आता आठवत नाही हात कुठे अडतो. तुला कालचं आठवतंय. त्या मुलीनं जन्मात कधी दोन डाव्या बाह्या कापल्या नाहीत. मी कापूच दिल्या नाहीत ना!

सर : शहाण्या होत्या तुमच्या बाई.

भाची : सर, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. मावशीकडून निरोप पाठवणार होते. मीच सांगते. आजचा वर्ग घ्यायचा नाही असं ठरवून आले होते मी.

सर : ठाऊक आहे.

भाची : कसं?

सर : तीन दिवस फोन न करणारं माणूस एकतर रागावलेलं असतं, नाहीतर घाबरलेलं. रागावलीस की तू बडबडतेस. ऐक. तो शब्द मी सोडवतो. आजारी माणूस उशाशी बसलेल्याकडे काही मागतो तेव्हा नाही म्हणता येत नाही. ते मागणं मुळातच बरोबर नव्हतं. मी आलोय तो यासाठीच. त्या सातजणी येतील, त्यांना सांगतो, वर्ग नाही. तुझ्यावर काही नाही.

भाची : आणि टंकलेखिकाबाई?

सर : त्यांनाही सांगीन.

भाची : त्या काय म्हणतील?

सर : काही म्हणणार नाहीत. भिंत धरून खाली उतरतील.

मावशी : अहो सर, असं बोलावं का?

सर : खरं ते बोललो. सतरा वर्षांची थकबाकी आहे माझ्याकडे खरं बोलण्याची. परवा त्यांचा फोन आला होता. विचारत होत्या, शिकवणारी मुलगी नवीन आहे का हो? मी म्हटलं, नवीन आहे, रविवारीच पट्टा मिळाला. मला वाटलं, कचरतील. म्हणाल्या, बरं झालं. तिला अजून भीती आठवत असेल. तुम्ही इतके सहज पडता की तुमच्याकडे बघून मला जास्तच भीती वाटते.

भाची : असं म्हणाल्या?

सर : मला जरा लागलं ते. पण खरं आहे. पडताना पोटात खड्डा पडतो तो कुठल्या क्षणी, हे मला आता सांगता येत नाही. माझ्या पोटात पडतच नाही.

भाची : पाठ टेकायच्या आधी पडतो. कंबर मागे जाते आणि हाताला काही लागत नाही, तेव्हा. माणूस हात मागे टाकतो ना, तो तेव्हाच टाकतो. त्यांचं मनगट तसंच मोडलं असणार.

सर : असेल.

भाची : म्हणजे त्यांना उभ्यानं सुरू करायचंच नाही. पहिले दोन-तीन वर्ग नुसतं झोपवायचं पाठीवर. हनुवटी छातीला. हात दोन्ही बाजूंना आपटायचे, पण सबंध हात एकदम, मनगटावर भार यायला नको. जोर त्यांचा त्यांनी ठरवायचा. मग बसून. मग उकिडवं. उभं राहायचं त्या म्हणतील तेव्हा.

सर : मी उकिडव्यापासून सुरू करतो.

भाची : त्यांना नाही चालायचं ते, सर. उकिडवं बसलं की गुडघ्यांचीही भीती सुरू होते.

सर : बरं.

भाची : आणि एका वेळी एकीलाच पडू द्यायचं. बाकीच्यांनी मोजायचं. मी मागे बसीन, हात त्यांच्या मानेखाली.

सर : मला कशाला सांगतेस? मी चटईवर उतरत नाही.

मावशी : उगीच डिवचू नका हो तिला.

भाची : मावशी, मी चुकले तर?

मावशी : चुकशील की. दोन डाव्या बाह्या होतील. मानेखाली हात आहे ना तुझा? मग कुणाचं काही मोडणार नाही. आणि इथे माझं पुटपुटणं आहेच. आता तुम्हा सगळ्यांना कळलंच आहे, तर मोठ्यानं म्हणीन.

सर : मावशी, एक राहिलं. तो फराटा कमी झाला की डावीकडचा तुकडा कापड राहत नाही, हे सांगायला हवं.

मावशी : मग काय होतं त्याचं?

सर : देव होतो. म्हणजे, देवाच्या पूजेअर्चेचे जे शब्द आहेत, त्यांच्यात येतो तो तुकडा.

मावशी : थांबा. म्हणजे अठरा वर्षं मी कापडाच्या जागी देव भरत होते?

सर : देव आणि सुरी. असं अक्षर जपानीत नाहीच, मावशी.

मावशी : आहे की. एकतीसजणांच्या कमरेला आहे.

सर : त्याचं काय करायचं?

मावशी : राहू देत ते. ज्याला बरोबर करून हवं असेल तो येईल, मी घालीन एक टाका. हिच्या पट्ट्यावर मात्र दोन फराटे. हे घ्या, नवा कागद. नीट आठवून लिहा, आणि या वेळी मी दोनदा मोजणार आहे, तुमच्यासमोर.

सर : लिहितो. पेन्सिल द्या. पेनानं नको.

मावशी : ऐका... जिन्यावर कोण गेलं आत्ता? इतक्या सावकाश?

सर : टंकलेखिकाबाईच असतील. कुठेही जायचं तर अर्धा तास आधी पोचतात. गर्दीत चढायला नको म्हणून. आता वर बंद दाराशी उभ्या राहतील.

भाची : अर्धा तास? तिथे तर नुसती फरशी आहे.

सर : मी येतो वर, त्यांना सांगायला. हात दे जरा.

भाची : तुम्ही बसा, सर. मावशी, हॉलची किल्ली?

मावशी : खणात, कात्र्यांच्या बाजूला. अगं, पण पट्टा? तो तर माझ्या चिमट्यांत आहे.

भाची : असू दे. सावकाश भर. माझा जुना तपकिरी पट्टा आहे पिशवीत.

मावशी : आणि हा चहा? घोटभर सुद्धा घेतला नाहीस.

भाची : झाकून ठेव गं. आधी चटया अंथरते. त्या गार फरशीवर उभ्या आहेत.